घाव किती बसतो? : प्रस्तावना

नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेपाशी रांगेत उभं राहणाऱ्या प्रत्येकाला खर-दूषणांची कथा ठाऊक असते. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शूर्पणखेच्या विटंबनेचा सूड घ्यायला खर आधी चौदा राक्षस धाडतो. ते मारले जातात तेव्हा चौदा हजारांचं सैन्य घेऊन तो स्वतः येतो. राम लक्ष्मणाला सांगतो, सीतेला घेऊन गुहेत जा. आणि एकटा उभा राहतो. भाविकाला यात रामाचा पराक्रम दिसतो आणि तो आहेच. रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या माणसाच्या डोक्यात मात्र भलतेच प्रश्न येतात. चौदा हजारांपैकी एका वेळी किती जण रामापर्यंत पोचू शकत होते? एक बाण एकालाच लागतो की ओळीतल्या सगळ्यांना? भात्यातले बाण संपत का नाहीत? आणि सीतेला गुहेत पाठवल्यामुळे रामाचं नेमकं काय वाचलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोणताही गेमर झोपेतही देईल. ज्याला जपायचं आहे असं माणूस रणात असलं, की लढाई दुप्पट अवघड होते. सोबत्याला सांभाळत न्यायच्या मोहिमांना शिव्या न घातलेला खेळाडू मला अजून भेटायचा आहे.

हे प्रश्न पोरकट वाटतील, पण पुढचं सगळं पुस्तक त्यांच्याच आधाराने उभं आहे. रोल-प्लेइंग गेममध्ये आपण एक पात्र घेतो, ते वाढवतो आणि लढाईत त्याच्या अंगातले आकडे आपल्या बोटांइतकेच, कधी त्याहून जास्त, कामाला येतात. ताकद, चपळाई, चिलखत आणि हिट पॉइंट, म्हणजे मरण्याआधी किती मार सोसता येईल तो आकडा. तलवार उगारली की पडद्यावर ४७ असा आकडा उडतो आणि राक्षसाची लाल पट्टी थोडी आखडते. बहुतेक खेळाडू तो ४७ पाहतात आणि पुढचा वार करतात. तो ४७ कुठून आला, ५२ का नाही, पुढच्या राक्षसावर तोच वार १९ का झाला, हे विचारणारे थोडे. ज्याला गेमर ‘कॉम्बॅट मेकॅनिक्स’ म्हणतात ते म्हणजे या ‘का’ची उत्तरं. लढाई कशी असते याविषयी प्रत्येक गेमचं स्वतःचं एक मत असतं. ते मत तो कधी शब्दांत सांगत नाही, आकड्यांत मांडून मोकळा होतो. ते वाचायला शिकावं, एवढीच या पुस्तकाची खटपट आहे.

या आकड्यांचं मूळ शोधायला नाशिककराला फार लांब जावं लागत नाही. देवळालीला भारतीय सैन्याचं तोफखाना विद्यालय आहे आणि तिथल्या रेंजवरचा ‘तोपची’ सराव बातम्यांतून सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. तोफखान्याच्या माणसाला अगदी सुरुवातीला जी गोष्ट शिकावी लागते, ती गेमरलाही शिकावी लागते: नेम तोच असला तरी गोळा तिथेच पडत नाही. एकाच तोफेतून, त्याच कोनात, तितक्याच दारूवर दहा गोळे सोडले तरी दहाही एका खड्ड्यात जात नाहीत. दारूचं तापमान, नळीची झीज, वारा, गोळ्याच्या वजनातला किरकोळ फरक, सगळं मिळून गोळे पुढे-मागे विखुरतात. पण ते कसेही विखुरत नाहीत. ज्या लांबीत जवळजवळ सगळे गोळे पडतात तिचे आठ सारखे पट्टे पाडले, तर मधल्या दोन पट्ट्यांत प्रत्येकी पंचवीस टक्के गोळे पडतात, त्यांच्या बाहेरच्या पट्ट्यांत सोळा-सोळा, मग सात-सात आणि टोकाला दोन-दोन. एक गोळा कुठे पडेल ते कुणी सांगू शकत नाही. शंभर गोळ्यांचं चित्र मात्र आधीच काढून ठेवता येतं.

हे ज्ञान खेळात आणलं ते एका तोफखान्याच्याच अधिकाऱ्याने. प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजाला टेबलावर मांडायचा एक युद्धखेळ दाखवला होता. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, १८२४ मध्ये त्याला नवं रूप दिलं. टेबलाऐवजी खरा नकाशा, दोन बाजूंचे अधिकारी, मध्ये पंच आणि गोळीबाराचा परिणाम ठरवायला फासे. फाशांवरचे आकडे मनाने काढलेले नव्हते. बंदुका-तोफांच्या चाचण्यांतून अमुक अंतरावर किती मार बसतो हे माहीत होतं आणि त्यावर ते बेतलेले होते. तुकडीवर गोळीबार झाला की ती एकदम नाहीशी होत नसे, तिच्या बळातून काही अंक वजा होत. सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी खेळ पाहिला आणि सैन्याला त्याची शिफारस केली. पडद्यावरची लाल पट्टी आज वजाबाकी करत आखडते, त्या वजाबाकीचा एक पूर्वज हा आहे.

तिथून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पर्यंतचा दीडशे वर्षांचा रस्ता इथे भरभर चालून जाऊ. तो विसाव्या शतकातल्या हौशी मंडळींच्या शिशाच्या सैनिकांवरून जातो आणि १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाच्या मध्ययुगीन युद्धखेळाच्या नियमांशी येऊन थांबतो. त्या नियमांचे एक लेखक गॅरी गायगॅक्स. त्यांच्या नियमांत साध्या शिपायाला एक घाव बसला की तो मेला. अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्ह आर्नेसन हे नियम वापरून एक वेगळा खेळ चालवत होते. त्यात प्रत्येक खेळाडूकडे सैन्य नव्हतं, एकच पात्र होतं. ते पात्र पहिल्याच घावात मेलं की खेळाडू हिरमुसायचे. महिनाभर वाढवलेला वीर एका गचाळ फाशाने गेला, हे कुणाला सोसेल? आर्नेसन यांनी तोडगा आपल्याच दुसऱ्या छंदातून काढला. आरमारी युद्धखेळांत जहाजाला चिलखताचा दर्जा असे आणि किती मार खाऊन ते बुडेल याचा आकडा असे. दोन्ही गोष्टी त्यांनी माणसाला चिकटवल्या. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा खेळ छापला गेला आणि आर्मर क्लास व हिट पॉइंट जगभर पसरले.

माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात विचित्र क्षण आहे. जहाज भोकं पडली तरी बुडेपर्यंत तरंगतं, हे समजू शकतं. माणूस तसा नसतो. मांडीत बाण घुसलेला माणूस धावत नाही. पण गेममधला योद्धा शंभरपैकी नव्याण्णव हिट पॉइंट गमावून एकावर आला, तरी पहिल्यासारखाच पळतो आणि पहिल्याइतक्याच जोराने मारतो. हे खोटं आहे हे खेळाडूला कळतं आणि तो ते आनंदाने पत्करतो, कारण त्याशिवाय लढाई एका घावात संपेल. पण या खोट्याचे परिणाम खरे असतात. शत्रू अर्धमेला झाला तरी त्याचा मार अर्धा होत नाही, म्हणून अर्धमेले चार शत्रू हे चार पूर्ण शत्रूच असतात. समोर दोन राक्षस आहेत, प्रत्येकाचे दहा हिट पॉइंट, तुमचा वार पाचाचा, त्यांचा तिनाचा आणि पहिली पाळी तुमची, असं समजा. एकदा याला, एकदा त्याला असं आलटून-पालटून मारत गेलात तर दोघं पडेपर्यंत तुम्हाला पंधराचा मार बसतो. एकालाच धरून संपवलं आणि मग दुसऱ्याकडे वळलात, तर बाराचा. वार तितकेच, फाशांचं नशीब तितकंच. तीन हिट पॉइंट केवळ कुणाला आधी मारायचं या निवडीने वाचले. शत्रू चार-पाच झाले की हा फरक जीव घेण्याइतका वाढतो.

या हिशोबाला गणिताचा आधार फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरने दिला, आणि तोही विमानांबद्दल लिहिताना, पहिल्या महायुद्धाच्या काळात. जिथे प्रत्येक जण प्रत्येकावर मारा करू शकतो तिथे सैन्याचं बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं, असं त्याचं म्हणणं. सारख्या कसबाचे पाच विरुद्ध तीन लढले तर तीन मरतील आणि दोन उरतील असं आपल्याला वाटतं; त्याच्या सूत्राने पंचविसातून नऊ गेले, सोळा उरले, म्हणजे चार जण जिवंत. पण मारा एकास एक असाच होऊ शकत असेल, तर मात्र साधी वजाबाकी: दोन उरतात. अरुंद वाट, दरवाजा, खिंड यांची सगळी किंमत या दोन सूत्रांमधल्या अंतरात आहे. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी हेच गणित सूत्राशिवाय मांडलं होतं. नाशिकजवळच्या रामसेजचंही तसंच. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या सरदारांनी त्याला वेढा घातला. किल्ला काही राजगड-रायगडासारखा अजस्र नाही, आत शिबंदी थोडी, बाहेर फौज अफाट. तरी सरदार बदलत राहिले आणि गड वर्षानुवर्षं हाती लागला नाही. गेममध्ये दाराच्या चौकटीत उभं राहून एकेक राक्षस आत घेणारा दहावीतला पोरगा नकळत याच परंपरेत बसतो. त्याला कुणी ‘चीज’ करतोस, म्हणजे पळवाट शोधून जिंकतोस, म्हणून हिणवलं तर त्याने खुशाल रामसेजचं नाव सांगावं.

आता फाशांकडे. फासा टाकला म्हणजे सगळं नशिबावर सोडलं, असं मानणारे दोन प्रकारचे फासे एकाच मापाने मोजतात. वीस बाजूंचा एक फासा टाकला तर एकपासून वीसपर्यंत प्रत्येक आकड्याला पाच टक्के संधी, सपाट. सहा बाजूंचे दोन फासे टाकले तर सात येण्याची संधी सहात एक आणि बारा येण्याची छत्तिसात एक. ज्यांनी घरी कवड्यांवर पट खेळला आहे त्यांना हे सांगायला नको: सगळ्या कवड्या उताण्या पडणं दुर्मीळ, तीन उताण्या पडणं रोजचं. देवळालीचे ते आठ पट्टे आणि कवड्यांचं दान ही एकाच घरातली आहेत.

याचा उपयोग हत्यार निवडताना होतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये दोन हातांच्या मोठ्या तलवारीचा मार सहा बाजूंच्या दोन फाशांचा, मोठ्या कुऱ्हाडीचा बारा बाजूंच्या एका फाशाचा. सरासरी तलवारीची सात, कुऱ्हाडीची साडेसहा. म्हणून तलवार चांगली? समोरच्याचे सात हिट पॉइंट उरले असतील तर एका घावात त्याला पाडण्याची संधी तलवारीला अठ्ठावन्न टक्के, कुऱ्हाडीला पन्नास. पण अकरा उरले असतील तर तलवारीला जेमतेम आठ आणि कुऱ्हाडीला सतरा. तलवार भरवशाची, कुऱ्हाड जुगारी. कोणती घ्यायची हे तुमच्या स्वभावावर नाही, समोरच्याच्या उरलेल्या रक्तावर ठरायला हवं. स्वभावावरच ठरतं, ही गोष्ट वेगळी.

महाभारतातल्या नलोपाख्यानात या विद्येची एक फार सुंदर जागा आहे. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक होऊन ऋतुपर्ण राजाचा सारथी बनतो. रथ भरधाव जात असताना राजा वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याच्या फांद्यांवर किती पानं आणि किती फळं आहेत ते सांगतो. नळाला खरं वाटत नाही. तो रथ थांबवून मोजतो आणि आकडा जुळतो. राजाला हे येतं कारण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, ठाऊक आहे. नळ आपली घोड्यांची विद्या देऊन ते घेतो आणि त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. फाशात हरलेला माणूस फाशांचं गणित शिकून सुटतो, हे आपल्या कथेत इतक्या आधी येऊन बसलंय. आपल्याकडच्या शाळांत संभाव्यता शिकवताना ही गोष्ट का सांगत नाहीत, मला कळत नाही.

चिलखताचा भाग मात्र नीट, सावकाश वाचावा अशी विनंती आहे, कारण बहुतेक खेळाडू इथेच फसतात. गेममध्ये चिलखत दोन तऱ्हांनी काम करतं. एका तऱ्हेत ते प्रत्येक घावातून ठरावीक आकडा वजा करतं. १९८६च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’पासून कित्येक जपानी गेमचा कल या बाजूला आहे. दुसऱ्या तऱ्हेत ते घावाचा काही टक्के भाग खातं. आता तुमच्यापुढे दोन हत्यारं आहेत असं धरा. जड घणाचा घाव साठाचा, पण दर दोन सेकंदांनी एक. कट्यारीचा घाव विसाचा, पण अर्ध्या सेकंदाला एक. उघड्या शत्रूवर घण सेकंदाला तीस देतो, कट्यार चाळीस. दुकानातला आकडा बघणारा कट्यार घेईल. आता शत्रूने प्रत्येक घावातून पंधरा वजा करणारं चिलखत घातलं. घणाचे साठाचे पंचेचाळीस झाले, म्हणजे सेकंदाला साडेबावीस. कट्यारीचे विसाचे पाच उरले, सेकंदाला दहा. चाळीसवरून दहा! तेच चिलखत वजाबाकीऐवजी निम्मा मार खाणारं असतं, तर घण पंधरा आणि कट्यार वीस, म्हणजे कट्यार पुढेच राहिली असती. शत्रू तोच, हत्यारं तीच. फक्त नियम वजाबाकीचा की टक्क्यांचा एवढ्यावर चांगलं-वाईट उलटं झालं. म्हणून कुठल्याही नव्या गेममध्ये पहिल्या तासाभरात हा एक छडा लावावा. सोपी खूण सांगतो: एकाच शत्रूवर हलका आणि जड असे दोन घाव घाला, मग चिलखत घातलेल्यावर तेच दोन घाव घाला. दोन्ही आकडे सारख्या प्रमाणात कमी झाले तर नियम टक्क्यांचा. हलक्या घावाची दाणादाण उडाली तर वजाबाकीचा.

टक्क्यांच्या नियमातही एक गैरसमज घट्ट बसला आहे. ‘लीग ऑफ लेजेंड्स’सारख्या गेममध्ये मार ठरतो तो शंभर भागिले शंभर अधिक चिलखत या हिशोबाने. चिलखत शंभर असेल तर निम्मा मार बसतो, दोनशे असेल तर तिसरा हिस्सा, तीनशे असेल तर चौथा. खेळाडू बघतो की पहिल्या शंभराने पन्नास टक्के वाचवले, दुसऱ्याने जेमतेम सतरा, तिसऱ्याने आठ. आणि तिसरं शंभर फुकट गेलं असं म्हणतो. पण मोजायचं ते किती वेळ उभे राहता हे. निम्मा मार बसतो तेव्हा दुप्पट वेळ जगता, तिसरा हिस्सा बसतो तेव्हा तिप्पट, चौथा तेव्हा चौपट. प्रत्येक शंभराने आयुष्य सारखंच वाढवलं. टक्केवारीने डोळ्यांत धूळ फेकली, एवढंच.

डोळ्यांत धूळ फेकण्यावरून जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेचा किस्सा सांगायलाच हवा. २००२मध्ये आलेल्या भागापासून या मालिकेतल्या बऱ्याच गेममध्ये नेम लागण्याची टक्केवारी पडद्यावर दिसते, पण ती खरी नसते. गेम एक आकडा काढण्याऐवजी दोन काढतो आणि त्यांची सरासरी धरतो. त्यामुळे नव्वद टक्के म्हणून दाखवलेला वार प्रत्यक्षात अठ्ठ्याण्णव टक्के वेळा लागतो आणि दहा टक्के म्हणून दाखवलेला फक्त दोन टक्के. असं का? माणसाला नव्वद टक्के म्हणजे ‘नक्की’ असं वाटतं. दहातला तो एक वार चुकला की तो गेमला फसवा म्हणतो. तेव्हा निर्मात्यांनी आकडे लोकांच्या समजुतीला जुळवून घेतले. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्येही सलग वाईट दानं पडू नयेत म्हणून फाशांना हळूच सावरणारी सोय आहे. फरक इतकाच, की ती आहे हे सेटिंगमध्ये सांगितलेलं आहे आणि बंद करता येते. मला दुसरी रीत प्रामाणिक वाटते. पहिली रीत जास्त सुखाची आहे हेही खरं, आणि दहा वर्षांच्या मुलाला कोणता गेम द्यावा असं कुणी विचारलं तर मी पहिलीच सांगेन.

लढाईतल्या काटकसरीवर एक अख्खं प्रकरण आहे, पण त्याचा गाभा कर्णाकडे आहे. कवचकुंडलं देऊन त्याने इंद्राकडून जी शक्ती मिळवली, ती एकदाच वापरता येणार होती. त्याने ती अर्जुनासाठी राखली. युद्धाच्या चौदाव्या दिवशी रात्री घटोत्कच कौरवांच्या सैन्यात हाहाकार उडवतो, सगळे कर्णाला विनवतात आणि शक्ती तिथे खर्ची पडते. घटोत्कच मरतो, पांडव रडतात आणि श्रीकृष्णाला मात्र हर्ष होतो. कृष्णाला समोरच्याच्या झोळीत काय उरलं याचा हिशोब पक्का होता. ‘फायनल फँटसी’ खेळणारे उलट्या टोकाचे असतात: सगळं बळ परत देणारं एलिक्सिर ‘पुढे लागेल’ म्हणून जपतात आणि शेवटचा बॉस मेल्यावर झोळीत नऊ बाटल्या तशाच सापडतात. माना, पोशन, स्टॅमिना, पाळीतला एक वार, या सगळ्या चलनांचा प्रश्न एकच: हे आत्ता मोडलं तर पुढचा शत्रू कशाने मारणार, आणि नाही मोडलं तर पुढचा शत्रू बघायला मी उरणार का? कर्णाची निवड चूक होती असं म्हणणं सोपं आहे. त्या रात्री त्याच्या जागी उभं राहून बघा.

अस्त्रांच्या जोड्यांबद्दल थोडक्यात. आदिपर्वात शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात अर्जुन आग्नेयास्त्राने अग्नी, वारुणास्त्राने पाणी, वायव्यास्त्राने वारा उभा करतो. अशा तत्त्वांत कोणतं कुणावर भारी, या कोष्टकावर सगळं ‘पोकेमॉन’ उभं आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ने २०२० मध्ये त्यात क्रमाचा पेच घातला: आगीने माखलेल्या शत्रूवर पाण्याचा घाव घातला तर मार दुप्पट, पाण्याने भिजलेल्यावर आगीचा घातला तर दीडपट. कोष्टक पाठ करायला दोन दिवस लागतात. क्रम हाताला बसायला जास्त.

वेळेचा प्रश्न याहून खोल आहे. पाळीपाळीने चालणाऱ्या गेममध्ये विचार करायला तास मिळतो. १९९१च्या ‘फायनल फँटसी ४’ने घड्याळ चालू ठेवलं: पात्राचा वेळ भरला की तुमची पाळी, पण तुम्ही मेनू चाळत बसलात तर शत्रू थांबत नाही. ‘डार्क सोल्स’सारख्या गेममध्ये तर पाळी नाहीच. तिथे पडदा सेकंदाला तीस-साठ चित्रं दाखवतो आणि लोळण घेताना त्यांतल्या मोजक्या चित्रांपुरता घाव तुम्हाला लागत नाही. माणसाच्या डोळ्याला दिसून बोट हलायला साधारण सेकंदाचा पाव भाग लागतो, म्हणजे साठाच्या हिशोबाने पंधरा चित्रं. यापेक्षा लवकर बसणारा घाव बघून चुकवता येत नाही, आधीच ओळखावा लागतो. म्हणून चांगला निर्माता प्रत्येक राक्षसाला वाराआधी काही लकब देतो: खांदा मागे, शेपूट वर, एक दीर्घ श्वास. तालमीत उस्ताद सांगतात तेच इथे लागू पडतं: हाताकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ, डाव तिथे आधी कळतो. आणि घाव घातला की तो पुरा होईपर्यंत हात सुटत नाही. बटण दाबणं म्हणजे पुढचा अर्धा सेकंद गहाण टाकणं. घाबरून तीन वेळा दाबलं तर दीड सेकंद गेला. नवे खेळाडू मरतात ते बहुधा या गहाणवटीत.

मराठी मुलुखातलं उदाहरण द्यायचं तर पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा २०२०चा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’. तो काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग नाही, साहसी अ‍ॅक्शन गेम आहे. तरी या पुस्तकात त्याला जागा आहे. नायिका राजी सर्कशीतली मुलगी आहे, भावाला राक्षसांनी पळवलंय आणि तिच्या हाती त्रिशूळ, धनुष्य अशी देवांची शस्त्रं येतात. तिची ताकद योद्ध्याची नाही, म्हणून निर्मात्यांनी लढाई खांब आणि भिंतींच्या भोवती बांधली: खांबाला गिरकी घेऊन वार, भिंतीवर चढून उडी मारून वार. पात्र कोण आहे हे तिच्या मारण्याच्या पद्धतीतून कळतं. कोट्यवधी खर्चाच्या कित्येक परदेशी गेमना हे साधत नाही. तिथे न्हावी, राजकन्या आणि सरदार तिघंही तलवार एकाच हिसक्याने चालवतात. राजीत आकड्यांचं खोलवर गणित नाही आणि एकदा हात बसला की शेवटाकडे लढाया सारख्या वाटू लागतात, ही तक्रार माझीही आहे. पण नियम पात्रातून उगवायला हवेत हे कुणाला शिकवायचं असेल तर मी आधी तोच गेम पुढे ठेवतो.

मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या कित्येक गेममध्ये या सगळ्याच्या डोक्यावर आणखी एक आकडा बसलेला असतो: तुम्ही किती रुपये भरले. तिथे चिलखताचं गणित शिकून फारसा उपयोग नाही, कारण अडलेला दरवाजा गणिताने नाही, यूपीआयने उघडतो. अशा गेमवर या पुस्तकात फार पानं खर्च केलेली नाहीत. वाचकाने त्यात वेळ घालवू नये असं मी म्हणणार नाही. पैसे घालवण्याआधी तो दरवाजा कुणी आणि कशासाठी बंद केलाय एवढं पाहून घ्यावं.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल दोन सूचना. प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याला सध्या एखाद्या बॉसने अडवलंय त्याने सरळ वेळेच्या प्रकरणाकडे जावं, ज्याची हत्यारांवरची नाणी वाया जातायत त्याने चिलखताच्या. मात्र हाताशी वही ठेवा. गेममधला पहिला, सगळ्यात दुबळा शत्रू हा तुमची प्रयोगशाळा आहे. त्याच्यावर एकच हत्यार वीस वेळा चालवून आकडे लिहून काढले, की सरासरी किती, जास्तीत जास्त किती, क्रिटिकल, म्हणजे एरवीपेक्षा जास्त बसणारा घाव, कितीदा, हे कुठल्याही मार्गदर्शकाशिवाय कळतं. घरच्यांना हा अभ्यास वाटणार नाही. वही दाखवलीत तर कदाचित वाटेल.

शेवटची गोष्ट आकड्यांबद्दल. आज गेम एकदा छापून संपत नाहीत. दर काही महिन्यांनी सुधारणा येते आणि काल सगळ्यांना पुरून उरणारं हत्यार एका रात्रीत निम्म्यावर आणलं जातं, किंवा कुणी ढुंकून न पाहिलेल्या भाल्याला अचानक दिवस येतात. त्यामुळे पुढच्या पानांवरची एखाद्या गेममधली नेमकी किंमत तुमच्या पडद्यावरच्या किमतीशी जुळली नाही, तर पडद्यावरची खरी धरा, पानावरची खोडा आणि समासात नवी लिहा. समास त्यासाठीच रुंद ठेवला आहे.